वरचे सर, खालचे सर

भूपाल मगदूम सर न्हाणीघराच्या उंबऱ्यापाशी पुन्हा अडकले. खोलीभर तसे बरे चालले होते, सावकाश, पाय घासत. पण दाराची चौकट समोर आली आणि दोन्ही पाय जमिनीला डकवल्यासारखे थांबले. बायकोने, राजमतीने, मागून त्यांच्या काखेत हात घातला होता. तिचा उजवा खांदा वर्षभर ठणकत होता, तो आता जास्तच बोलायला लागला.

तिने आपलं पाऊल त्यांच्या पावलासमोर आडवं ठेवलं. "ओलांडा," ती म्हणाली.

सपाट जमिनीवरून न उचलणारा पाय समोर अडथळा आला की उचलतो, ही कंपवाताची चमत्कारिक खोड तिच्या आता अंगवळणी पडली होती. सरांनी पाय उचलला आणि तिच्या पावलावरून पलीकडे टाकला. तिने श्वास सोडला.

"झोप... तू... जरा," ते कुजबुजले. चेहऱ्यावरची एक रेषही हलली नाही. डोळे मात्र तिच्या खांद्याकडे होते.

हा माणूस शाळेत खेळ शिकवायचा. अर्ध्या सांगलीला त्याने कृष्णेत पोहायला शिकवलं होतं. घाटावरून मारलेली हाक पलीकडच्या काठावरच्या म्हशींनाही ऐकू जायची, असं लोक म्हणायचे. आता त्याचा आवाज उशीएवढ्या अंतरावरही पोचत नव्हता, आणि जो थोडा उरला होता तोही हा माणूस 'झोप तू जरा' एवढं म्हणण्यात खर्च करत होता. राजमतीला त्याचं वाईट वाटायला हवं होतं. पण खरं सांगायचं तर तिला फक्त झोप येत होती.

त्याच आठवड्यात मिरजेहून डॉक्टर निलोफर बारगीर यांचा निरोप आला. नव्या पंपासाठी सरांची निवड झाली होती.

डॉक्टर बारगीर पन्नाशीच्या, कमी बोलणाऱ्या बाई होत्या. पण समजावून सांगायला बसल्या की मनापासून सांगायच्या.

"मेंदूतल्या दोन पेशी एकमेकींना चिकटलेल्या नसतात, काकू. मध्ये बारीक फट असते. निरोप पलीकडे न्यायचा तर रसायन लागतं. अशी कितीतरी रसायनं आहेत, त्यातलं एक डोपामिन. मेंदूच्या तळाशी काळपट पेशींचा एक छोटा पट्टा आहे, तिथे ते तयार होतं. सरांच्या त्या पेशी बहुतेक मेल्यात. म्हणून हात उचलायचा निरोप निघतो, पण वाटेतच राहतो."

"आणि गोळ्या?"

"गोळी घेतली की पूर येतो, उतरली की दुष्काळ. तुम्ही बघताच आहात. हा पंप वेगळा आहे. केसाहून बारीक तंतू मेंदूत बसतो आणि तिथे डोपामिन किती आहे ते क्षणाक्षणाला मोजतो. गळ्याच्या हाडाखाली, कातडीत, औषधाची डबी. जेवढं कमी पडेल तेवढंच ती सोडते. किती पातळी राखायची ते आपण ठरवायचं. एक ते दहा."

राजमतीला हे लगेच उमगलं. तिची सगळी नोकरी साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत रस तपासण्यात गेली होती. पाक जरा कमी आटला तर दाणा धरत नाही, जरा जास्त आटला तर सगळा कढ वाया जातो.

"आपण म्हणजे कोण ठरवायचं?" तिने विचारलं.

"आम्ही हद्द घालून देऊ. तीन ते आठ. त्याच्या आत काळजीवाहकानं. म्हणजे तुम्ही. फोनवर आकडा बदलायची किल्ली असेल. एक गोष्ट आधी सांगते. डोपामिन नुसतं हातपाय हलवत नाही. एखादी गोष्ट हवीशी वाटणं, तिच्यामागे उठून जावंसं वाटणं, तेही त्याच्यामुळेच. सुख वेगळं, ओढ वेगळी. हे ओढीचं रसायन आहे. हालचाल वाढेल तशी ओढही वाढेल. किती, ते माणसागणिक वेगळं."

राजमतीने मान डोलावली. ओढ वाढली तर बिघडलं कुठे, असं तिला त्या वेळी वाटलं.

पंप सुरू झाला तेव्हा सर खुर्चीत बसले होते. डॉक्टरांनी पातळी तीनवरून चढवत सहावर नेली आणि सगळे वाट बघत बसले. आधी त्यांच्या हाताचा कंप थांबला. मग पापण्या भराभर लवल्या. मग कुणी आधार न देता ते उभे राहिले, दारापर्यंत गेले, चौकट ओलांडली आणि बाहेरच्या बाकावर बसलेल्या राजमतीला त्यांनी जुन्या आवाजात हाक मारली, "राजी!"

बाकावरची सगळी माणसं वळून बघायला लागली. एक परिचारिका तर रडलीच. राजमतीला रडू आलं नाही. घरी पोचल्यावर सर स्वतःच्या हाताने चहा करत होते, तेवढ्यात ती पलंगावर आडवी झाली, आणि उठली तेव्हा रस्त्यावरचे दिवे लागले होते. इतकं गाढ ती कितीतरी वर्षांत झोपली नव्हती.

पहिले काही महिने खरोखर चांगले गेले. मुलगी त्रिशला पुण्याहून रोज फोनच्या पडद्यावर बापाशी बोलायची, हसायची. पुढे सकाळचा ताठरपणा राहतो म्हणून डॉक्टरांनी पातळी सातवर नेली, आणि घर बदलत गेलं.

सर पहाटे उठायला लागले. पाण्याची मोटार खोलून तिचे भाग अंगणभर मांडून ठेवले. ती जुळायच्या आत गच्चीवर वेल चढवायला घेतले. जुन्या विद्यार्थ्यांना शोधून फोन केले आणि सगळ्यांना जेवायला बोलावलं. एकदा नाही, पुन्हा पुन्हा. माणसं येत, सरांना बघून थक्क होत, राजमतीला म्हणत, "काकू, चमत्कारच झाला की!" काकू स्वयंपाकघरात घाम पुसत भाकऱ्या थापत.

"अहो, आज नको कुणाला. मी दमलेय."

"दमलीस? कशानं? आता मला उचलायला लागतंय का काय?" सर हसत म्हणायचे. त्यात कुचकेपणा नव्हता. त्यांना खरोखरच दिसत नव्हतं. बोलता बोलता त्यांची नजर तिच्यावरून पुढच्या गोष्टीकडे निघून जायची. राजमतीला राहून राहून एकच नवल वाटायचं. दगड होऊन बसलेल्या माणसाला तिचा खांदा दिसत होता, आणि या धावणाऱ्या माणसाला ती अख्खी दिसत नव्हती.

एका दुपारी पंधरा-वीस जणांचं जेवण उरकून ती ओट्याला टेकली होती. बाहेर सर कुणाला तरी मोठ्याने पोहण्यातले डाव समजावत होते. तिने फोन घेतला, किल्ली उघडली आणि सातावरून पातळी चारवर आणली. कुणाला विचारलं नाही. तिला फक्त शांतता हवी होती.

पाहुणे गेले. तासाभरात सरांची चाल मंदावली, आवाज विझला. संध्याकाळी ते खिडकीपाशी बसले होते. ती जवळ गेली तशी त्यांनी महत्प्रयासाने मान वळवली.

"कमी केलंस?"

"हो."

"बरं केलंस. तो... धावणारा मी... मला आवडत नाही. तुला राबवतो. मला तिथं... परत नेऊ नको."

राजमती त्यांचा हात धरून बसली. बऱ्याच दिवसांनी आपला नवरा घरी आल्यासारखं तिला वाटलं. पण दोन दिवसांतच घास घशात अडकून त्यांना ठसका लागला, डोळे पांढरे झाले. पाठीवर थापट्या मारून मारून तिचा हात भरून आला. डॉक्टर फोनवर म्हणाल्या, "सरांना चारवर गिळणं आता धोक्याचं झालंय, काकू. वर न्या."

वर नेल्यावर सर तासाभरात उठले आणि तिच्यासमोर येऊन उभे राहिले.

"तू मला दगड केलंस."

"तुम्हीच म्हणालात, परत नेऊ नको म्हणून."

"म्हणालो. शब्द न् शब्द आठवतोय. आठवतंय, पण पटत नाही." ते येरझाऱ्या घालत होते. "राजी, तो दगड बोलत होता. दगडाला काय हवंसं वाटणार? त्याला काही हवंच नाही, म्हणून त्याला वाटतं की मलाही काही नको. पुन्हा तसं करू नकोस."

तेव्हापासून राजमतीच्या मनात दोन सर झाले. वरचे सर आणि खालचे सर. पंपाचं औषध भरायची वेळ आली की पातळी दिवसभर खाली यायची, आणि त्या दिवशी खालचे सर भेटायचे. दोघांना एकमेकांचं सगळं आठवायचं आणि एकाचं दुसऱ्याला पटायचं नाही. न बोलणाऱ्या दोन भावांमध्ये भावजयीने निरोप पोचवावेत तसं तिचं झालं. वरचे म्हणायचे, किल्ली आठवर ठेव. खालचे म्हणायचे, तुला झेपेल तेवढीच ठेव. त्रिशला फोनवर म्हणायची, "आई, बाबा किती छान बोलतात आता! तू कमी कशाला करतेस?"

"तू पडद्यावर बघतेस, बाळ," राजमती म्हणायची. त्यापुढचं सांगायला लागणारं बळ तिच्याकडे नसायचं.

शेवटी तिने डॉक्टरांनाच विचारलं. "खरे सर कोणते, ते सांगा. त्यांचं ऐकते मी."

डॉक्टर बारगीर म्हणाल्या, "आम्ही याच्यावरच आपसात भांडतोय, काकू. तुमची-माझी पातळी मेंदू स्वतः राखतो, म्हणून आपलं मत आपलं वाटतं. सरांचा मेंदू आता काहीच राखत नाही. पंप बंद केला तर मत मांडण्याइतकी ओढच उरणार नाही. म्हणजे ते जे काही म्हणतील ते कुठल्या तरी आकड्यावरून म्हणणार. आणि आकडा तुमच्या हातात."

"म्हणजे मी विचारायचं ते माझ्याच बोटाला."

"आणि एक," डॉक्टर म्हणाल्या, "ते सारखे पोहण्याचं काढतात. सध्या पाण्यात उतरू देऊ नका. चालणं परत आलं म्हणजे पोहणं परत आलं असं नाही. हात, पाय आणि श्वास एका तालात जुळवणं मेंदू वेगळ्या रीतीनं करतो. आमच्या काही रुग्णांचा तो ताल मोडला. जमिनीवर कळत नाही. पाण्यात गेल्यावरच कळतं."

हे तिने सरांना सांगितलं. वरच्या सरांनी ते हसण्यावारी नेलं.

उन्हाळा सरत आला होता, नदी संथ होती. नाश्त्याला बसताना सरांनी टॉवेल खांद्यावर टाकलेलाच होता.

"आज जातोय."

"अहो, डॉक्टर काय म्हणाल्या?"

"डॉक्टर कृष्णेत उतरल्यात का कधी? मी सात वर्षांचा असल्यापासून उतरतोय." त्यांनी टेबलावरच्या तिच्या फोनकडे बघितलं. "आणि त्याला हात लावू नकोस."

"लावला तर?"

सर अगदी सरळपणे म्हणाले, "लावलास तर खाली गेल्यावर मी तुला माफ करेन. वर आल्यावर करणार नाही."

फोन समोर होता. आत्ता पातळी उतरवली तर नाश्ता होऊन घाटावर पोचेपर्यंत पाय जड होतील, पायऱ्यांवरच थांबतील, ती त्यांना घरी आणेल. आणि मग? पुन्हा उंबरे, पुन्हा ठसका, पुन्हा वर, पुन्हा भांडण. सरांचा चेहरा सुट्टी लागलेल्या शाळकरी मुलासारखा झाला होता. त्यांच्या आनंदाखातर तिने फोनला हात लावला नाही, असं पुढे तिने स्वतःला सांगून बघितलं. पण ते पुरतं खरं नव्हतं. ठरवण्याचा तिला वीट आला होता. फोन टेबलावरच ठेवून ती त्यांच्या मागोमाग निघाली.

घाटावर सकाळची पोहणारी मंडळी बाहेर पडून अंग पुसत होती. "सर! सर आले!" असा एकच गलका झाला. सर हात हलवत पायऱ्या उतरले, ओंजळभर पाणी डोक्याला लावलं आणि सूर मारला.

पहिले काही हात इतके सुंदर पडले की राजमतीच्याही ओठांवर हसू आलं. मग पाय मागे राहिले. हात पुढे ओढत होते आणि पाय भलत्याच वेळी फाकत होते, जसं दोन वेगळ्या माणसांना एका धडात बांधलंय. श्वासासाठी तोंड वर यायला हवं तेव्हा ते पाण्यात होतं. एकदा त्यांनी काठाकडे बघितलं. त्या डोळ्यांत भीती नव्हती, नुसतं आश्चर्य होतं. मग डोकं खाली गेलं.

राजमती शेवटच्या पायरीवर उभी होती. एक क्षण तिला वाटलं, संपलं. आणि त्या वाटण्यात भीतीपेक्षा सैलपणाच जास्त होता, जसं भरलेली घागर कुणीतरी कमरेवरून उतरवून घ्यावी.

तो क्षण गेला आणि ती पाण्यात होती. लग्नानंतर पहिल्या उन्हाळ्यात याच माणसाने तिला इथे पोहायला शिकवलं होतं, नंतर संसारात ते राहूनच गेलं होतं. साडी पायात गुंतली, खांद्यातून कळ गेली. पण हातांना ताल आठवत होता. तिच्या मुठीत आधी पाणी आलं, मग केस. ती ओढत राहिली. मागून दोघे-तिघे धपाधप उड्या टाकून आले आणि त्यांनी दोघांनाही पायऱ्यांवर घेतलं.

सर खोकत होते, पाणी ओकत होते. श्वास जागेवर आल्यावर म्हणाले, "राजी, पाय का आले नाहीत?"

त्यांच्या शेजारी ओल्या पायरीवर बसून ती रडायला लागली. पंप बसला तेव्हाचं, त्याच्याही आधीचं, सगळं. लोकांना वाटलं, नवरा वाचला म्हणून बाई रडतेय.

डॉक्टर बारगीरना तिने सगळं सांगितलं. फोन मुद्दाम घरी ठेवला हेही, आणि पायरीवरचा तो क्षणही. सांगताना ती खाली बघत नव्हती. लाजायलाही ताकद लागते.

"किल्ली काढून घ्या माझ्याकडून," ती म्हणाली. "मी वाईट बाई नाही, डॉक्टर. पण मी दमलेली बाई आहे. दमलेल्या बाईच्या हातात कुणाचं मन देऊ नये."

डॉक्टरांनी एक वेगळीच गोष्ट केली. सरांना दोन दिवस रुग्णालयात ठेवलं. एक दिवस पातळी खाली, एक दिवस वर. दोन्ही दिवशी तेच प्रश्न विचारले. कसं जगायचंय? कुठे? पाण्यात उतरायचंय का? माणसं यावीत का? कशाची भीती वाटते? पुण्याहून आलेली त्रिशला दोन्ही दिवस शेजारी बसून होती. बाप एवढा हळू बोलतो, आणि एका शब्दासाठी एवढं थांबावं लागतं, हे तिने समोरून कधी बघितलं नव्हतं.

उत्तरं एकमेकांना छेद देत गेली. वरच्या सरांना जे हवं ते खालच्यांना नको. खालच्यांना जे पुरे ते वरच्यांना मरण. फक्त एका प्रश्नावर दोघं एकच बोलले. पातळी कोणी ठरवावी?

"राजीनं नको," वरचे सर म्हणाले होते. "तिच्यावर माझा भरवसा नाही. ती मला खाली नेते."

"राजीनं... नको," खालचे सर म्हणाले होते. "तिला... फार झालं."

डॉक्टरांनी दोन्ही उत्तरं तिला ऐकवली. "कारणं वेगळी आहेत, काकू. पण दोन्हीकडून जे एकच आलं, ते त्यांचं स्वतःचं मत धरायला माझी हरकत नाही."

किल्ली राजमतीच्या फोनवरून गेली. गिळता येईल, काठीनं चालता येईल, ओढ अंगावर येणार नाही, असं बघून डॉक्टरांनी पाचाचा आकडा धरला आणि तो कुलूपबंद केला. बदल करायचा तर तो दवाखान्यातच, सर्वांसमोर. "हे कायमचं उत्तर नाही," त्यांनी बजावलं. "आजार पुढे सरकणार. आजचे पाच उद्या पाच राहणार नाहीत."

पाचावरचे सर घरी आले. ना ते वरचे होते, ना खालचे. थोडे हट्टी, थोडे मंद. दारात एखाद वेळी अडकायचे, मग स्वतःशीच काहीतरी पुटपुटून पाय उचलायचे. नदीचं नाव काढलं की चिडायचे. जेवताना मात्र त्यांची नजर आता राजमतीवर थांबायची. लगेच नाही, पण थांबायची.

त्रिशलाने रजा वाढवून घेतली. राजमतीने कागलच्या बहिणीला कळवलं आणि बॅग भरायला काढली. सर दारात येऊन उभे राहिले, काठीवर भार देऊन तिच्याकडे बघत.

"राजी, एक विचारू?"

"विचारा की."

"वरचा, खालचा, हा मधला." शब्द जरा अंतराअंतराने येत होते. "तुला... कोणता हवा?"

राजमती साडीची घडी हातात धरून उभी राहिली. एवढ्या सगळ्या काळात हा प्रश्न तिला कुणी विचारला नव्हता. डॉक्टरांनी नाही, मुलीनं नाही, तिनं स्वतःलाही नाही.

"खरं सांगू?" साडी बॅगेत ठेवत ती म्हणाली. "मला काही दिवस कोणताच नको."

सरांच्या चेहऱ्यावर ते पोचायला थोडा वेळ लागला. मग एका कोपऱ्यातून हसू सुरू झालं आणि सावकाश पसरत गेलं. ते काठी टेकत आत आले, पलंगावर बसले आणि बॅग स्वतःकडे ओढून तिची चेन लावायला लागले. बोटं घसरत होती. चेन कापडात अडकली, सुटली, पुन्हा अडकली. राजमतीचा हात सवयीने पुढे झाला आणि तिने तो मागे घेतला. ती त्यांच्या शेजारी बसली, पाठ भिंतीला टेकवली आणि डोळे मिटले. चेनचा कुरकुर आवाज येत राहिला. तो थांबायच्या आधीच तिला झोप लागली.